मिश्र रिलेतला पहिला टप्पा, अर्धवट १५०० आणि वाढवलेलं वय: क्रमवारीत काय धरतात, काय नाही?

पाठीवरची

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मी मास्टर्समध्ये, म्हणजे प्रौढांच्या वयोगटवार स्पर्धांत पोहते. कॉलेजपर्यंत पोहायचे, मग वीस वर्षं सुटलं, एकेचाळिसाव्या वर्षी पुन्हा उतरले. फार वेगवान नाही. पण बॅकस्ट्रोक बरा आहे आणि वही ठेवायची खोड आहे. आजवरच्या प्रत्येक स्पर्धेतली प्रत्येक वेळ त्या वहीत आहे, अगदी लाज वाटावी अशासुद्धा.

गेल्या शनिवार-रविवारी दोन दिवसांची स्पर्धा झाली. २५ मीटरचा कोर्स, टचपॅड (भिंतीवरचा, हात लागला की वेळ नोंदवणारा), सगळं व्यवस्थित. वहीत चार नव्या वेळा लिहिल्या. काल क्रमवारीसाठी ग्राह्य धरलेल्या वेळांची यादी लागली, त्यात माझ्या नावापुढे एकच वेळ. आणि तीसुद्धा जी मला स्वतःला संशयास्पद वाटत होती तीच! म्हणून हा खटाटोप.

शनिवार. ४×५० मिश्र मेडले रिलेत (स्त्री-पुरुष मिळून चौघं, प्रत्येकाचा स्ट्रोक वेगळा) मी पहिली, म्हणजे बॅकस्ट्रोक. बोर्डावर माझे ५० मीटर ३९.४१. पन्नासला चाळिशीच्या आत मी आयुष्यात पहिल्यांदा आले. आधीची सर्वोत्तम ४०.१२, ती एकटीने पोहताना. रिलेतला पहिला पोहणारा सुरुवातीच्या सिग्नलवरच सुटतो, कुणाचा स्पर्श व्हायची वाट बघत नाही, त्यामुळे त्याची वेळ वैयक्तिक म्हणून धरतात असं ऐकून होते. यादीत नाही.

शनिवारीच ५० बटरफ्लाय. माझ्या कमरेला डॉल्फिन किक झेपत नाही, मी बेडकासारखी ब्रेस्टस्ट्रोकची किक मारते. ४८.९०. आली तेव्हा वाटलं होतं की बाद करणार. यादीत आहे ती ही!

रविवारी सकाळी १०० बॅकस्ट्रोक, १:२५.३०. यात रिले नाही, किक नाही, काही भानगड नाही. सरळ पोहले, सरळ टच केलं. यादीत नाही. का, कुणी सांगत नाही.

रविवारीच १५०० फ्रीस्टाइल. ११५० मीटरला डाव्या पोटरीत असा पेटका आला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाहेर पडले. पण त्याआधी ८०० मीटर १४:४८ ला पार केले होते, टचपॅडने तसं नोंदवलंय, छापील निकालात स्प्लिटही (मधल्या अंतराची वेळ) दिसतो. माझ्या ८०० च्या आजवरच्या वेळेपेक्षा अकरा सेकंद कमी! तीसुद्धा नाही.

वर आणखी एक. माझा वाढदिवस २९ डिसेंबरचा. आज मी ४९ वर्षांची आहे. मला ५०–५४ गटात टाकलंय. आमच्या रिलेची बेरीज आम्ही ४९ + ४६ + ६२ + ४२ = १९९ अशी करून १६०–१९९ मध्ये नाव दिलं होतं (बाकीच्या तिघांचे वाढदिवस होऊन गेलेत), तर तीही उचलून २००–२३९ मध्ये ठेवली. वय चोरणाऱ्या बायकांबद्दल विनोद होतात, इथे माझं वय परस्पर वाढवलंय.

आयोजकांना मेल केला. उत्तर आलं, 'नियमानुसार'. कुठल्या, ते नाही. जाणकारांनी सांगावं: यात भांडण्यासारखं काय आहे आणि गप्प बसण्यासारखं काय?


पांढरा_टीशर्ट

ताई, मी पंच म्हणून उभा राहतो, त्यामुळे उत्तर रुक्ष वाटलं तर राग मानू नका.

वय: तुमचीच चूक. मास्टर्समध्ये वय स्पर्धेच्या दिवशीचं नाही, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचं. तुम्ही १ जानेवारीपासूनच पन्नाशीच्या आहात, पाण्यापुरत्या. गट २५ पासून पाच-पाच वर्षांचे, रिलेत चौघांच्या वयांची बेरीज, तीही ३१ डिसेंबरची. ५० + ४६ + ६२ + ४२ = २००. आयोजकांनी बरोबर केलं. आणि खरं सांगा, १६०–१९९ मध्ये तुमची रिले कितवी आली असती? मास्टर्स हा एकच खेळ आहे जिथे लोक पन्नाशीची वाट बघतात. (अमेरिकेत यार्डांच्या तलावात पोहतात तिथे स्पर्धेच्या शेवटच्या दिवशीचं वय धरतात. पण यार्डातल्या वेळा जागतिक यादीत येतच नाहीत, सोडा.)

बटरफ्लाय: चालतं. मास्टर्सपुरती मुभा आहे. हाताच्या एका ओढीला ब्रेस्टस्ट्रोकची एकच किक, वळणाआधी आणि शेवटच्या टचआधी हात न मारता एक किक चालते. हात मात्र दोन्ही एकदम, पाण्यावरून, आणि टच दोन्ही हातांनी. हेच तुम्ही खुल्या गटाच्या स्पर्धेत केलंत तर बाद करायला मीच हात वर करीन.

रिले: पहिल्या पोहणाऱ्याबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, अर्धंच ऐकलंत. पहिल्याची वेळ विक्रमासाठी चालते, मिश्र रिले सोडून, आणि तुमच्या क्रमवारीलाही विक्रमाचेच नियम लावलेले दिसतात. नियमात हा अपवाद स्पष्ट लिहिलाय. बायकांच्या मेडले रिलेत हेच ३९.४१ आले असते तर धरले असते. पुढच्यांनी काही घोळ घालून रिले बाद झाली असती तरी धरले असते, कारण तुमचा टप्पा तोवर नियमात संपलेला असतो.

८००: स्प्लिट चालतो. टचपॅडने नोंदवला असेल तर वेगळी विनंतीसुद्धा लागत नाही. नसेल तर आधी रेफ्रीला सांगून वेगळी घड्याळं लावून घ्यायची. पण पूर्ण शर्यत संपवलीच पाहिजे. तुम्ही ११५० ला बाहेर पडलात, तिथे ८०० गेले. यावर अपील नाही.

१०० बॅक: मला माहीत नाही. यावर भांडा.


पाठीवरची

धन्यवाद. वयाचं पटलं. (१६०–१९९ मध्ये सातवे आलो असतो, आता तिसरे आहोत. शब्द मागे.)

पण मिश्र रिलेचं डोक्यात बसत नाही. कारण काय? शेजारच्या लेनमध्ये पुरुष असला की त्याच्या लाटेवर मी ओढली जाते, असं? मग मास्टर्सच्या हीटमध्ये, म्हणजे एका वेळी पोहणाऱ्यांच्या तुकडीत तर बाई-पुरुष, तिशीचा-सत्तरीचा, सगळे एकत्र घालतात, वेळेनुसार. रविवारी १०० बॅकला माझ्या उजवीकडे एक दादा होते, डावीकडे एक आजोबा. तिथे नाही का मी ओढली गेले?


पांढरा_टीशर्ट

कारण नियमात लिहिलेलं नसतं. लाटेचा तर्क मीही ऐकलाय आणि मास्टर्समध्ये तो लंगडतो, कबूल. कुणी एकटं पोहू नये म्हणून वयोगट आणि स्त्री-पुरुष एकत्र करायची परवानगी आमच्याच नियमात आहे. पण नियम लंगडा असला तरी तो सगळ्यांना सारखाच लागू आहे. पाण्याकाठी उभं राहून मी एवढंच बघतो.

एक मात्र सांगतो, तुमच्या १५०० बद्दल. फ्रीस्टाइलमध्ये तळाला पाय टेकून उभं राहिलं तर बाद होत नाही. चालायचं नाही, तळाला रेटून पुढे जायचं नाही. भिंतीशी थांबून पोटरी ताणायची, दोन मिनिटं गेली तरी जाऊ द्यायची, आणि उरलेले ३५० कसेही पोहून टाकायचे. १५०० ची वेळ वाया गेली असती, ८०० ची राहिली असती.


पाठीवरची

हे मला रविवारी सकाळी का नाही कुणी सांगितलं!!! काठावर माझ्या लेनशी उभ्या असलेल्या बाईंनी हात देऊन वर काढलं. किती प्रेमाने काढलं.


लेझरकाका

मी सर्व्हेअर होतो, आता निवृत्त. पोहता येत नाही, पण तलाव मोजता येतो. त्यामुळे १०० बॅकबद्दल मला एकच विचारायचंय. हा २५ मीटरचा कोर्स म्हणजे पक्क्या दोन भिंती, की ५० च्या तलावात मध्ये सरकती भिंत घातलेली? आणि शनिवारी रात्री ती हलवली होती का?


पाठीवरची

काका, बरोबर! ५० चा तलाव, मध्ये बल्कहेड. शनिवारी संध्याकाळी तो सरकवून दुसऱ्या कुणाच्या सरावासाठी पूर्ण ५० केला आणि रविवारी पहाटे परत लावला. आम्ही वॉर्म-अपला आलो तेव्हा दोन मुलं टेप घेऊन मोजतच होती. म्हणजे मोजलाय.


लेझरकाका

सकाळी मोजलाय. संपल्यावर मोजला का, ते विचारा. मी पैज लावत नाही, पण लावली असती.

पक्क्या भिंतींचा तलाव एकदा सर्व्हेअरने मोजून दाखला दिला की झालं, कुणी भिंत तोडून नव्याने बांधत नाही तोवर. सरकत्या भिंतीचं तसं नाही. विक्रमाच्या नियमात सरळ म्हटलंय की ज्या सत्रात वेळ नोंदवली त्या सत्राच्या शेवटी त्या लेनची लांबी पुन्हा मोजून खात्री करायची. सुरुवातीचं माप कितीही छान असलं तरी ते भिंत तिथे होती एवढंच सांगतं. ती तिथेच राहिली, हे शेवटचं माप सांगतं. आणि ती राहतेच असं नाही. दिवसभर शेकडो माणसं तिच्यावर पाय मारून वळतात, अधिकारी तिच्यावरून ये-जा करतात, एखाद्या टोकाची खीळ पुरती बसलेली नसते.

फरक किती चालतो? २५ मीटरच्या कोर्सला १० मिलिमीटर जास्त चालतं. कमी, शून्य. एक मिलिमीटरसुद्धा कमी नाही. ५० ला हेच. आणि हे माप टचपॅड लावलेल्या स्थितीत बसलं पाहिजे. इथे लोक हमखास फसतात. पॅड साधारण एक सेंटिमीटर जाड असतो. भिंत ते भिंत बरोब्बर २५.००० बांधलेल्या तलावात एका टोकाला पॅड टांगला की कोर्स २४.९९० झाला. देखणा तलाव, मोजणीत बाद. म्हणून जाणते बांधणारे आधीच दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवतात.

मी स्वतः एकदा संध्याकाळच्या सत्रानंतर मोजत होतो. आठ लेन. सात बरोबर आणि सहावीत २४.९९४. तीनदा मोजलं. बल्कहेडचं एक टोक नीट बसलं नव्हतं, मधे किंचित पोट आलं होतं. सहा मिलिमीटर म्हणजे बोटाच्या नखाची रुंदीसुद्धा नाही. त्या लेनमध्ये एका गृहस्थांनी १५०० त्यांच्या गटाचा विक्रम मोडला होता. ६० लेंग्थ, दर लेंग्थला ६ मिलिमीटर, म्हणजे ३६ सेंटिमीटर कमी पोहले. त्यांनी विक्रम कितीतरी सेकंदांनी मोडला होता, ३६ सेंटिमीटरने काय होणार? तेही मला हेच म्हणाले. मी म्हणालो, तुम्ही वेगवान आहात यावर माझा वाद नाही, पण १५०० मीटर पोहलात असं मी लिहून देऊ शकत नाही. विक्रमाचा फॉर्म गेला नाही. माझ्याशी ते आजही बोलत नाहीत.

टेपचंही ऐका. पोलादी टेप दहा अंश तापमानाने २५ मीटरमागे जवळजवळ तीन मिलिमीटर वाढते. टेप सकाळी गार असताना मोजलं आणि संध्याकाळी गरम झाल्यावर मोजलं, तर भिंत न हलताही आकडा हलतो. दुरुस्ती करायची असते. त्या दोन मुलांनी केली असेल असं मला वाटत नाही. म्हणून मी लेझर वापरतो आणि तोही दोनदा.


तिसरी_लेन

काका, दंडवत. पण सहा मिलिमीटरसाठी एवढं? हे जरा अति नाही का होत?


लेझरकाका

१९७२, म्युनिक ऑलिंपिक, पुरुषांची ४०० मीटर वैयक्तिक मेडले. स्वीडनचा गुन्नार लार्सन ४:३१.९८१. अमेरिकेचा टिम मॅकी ४:३१.९८३. दोन सहस्रांश सेकंदांनी सुवर्ण लार्सनला दिलं. त्या वेगाने दोन सहस्रांश सेकंदांत माणूस तीन मिलिमीटरसुद्धा जात नाही. आता विचार करा, दोघांच्या लेन तीन मिलिमीटरच्या आत सारख्या होत्या हे कुणी सांगावं? पुढे नियम बदलला, वेळ शतांशापर्यंतच धरायची आणि शतांश जुळला की बरोबरी. घड्याळ तलावापेक्षा जास्त अचूक असून उपयोग नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. मला पहिल्या नोकरीत कळलं होतं.


नुसताच_पोहणारा

एवढं वाचून मला वाटतं बरं झालं मी कुठल्याच यादीत नाही. ताई, ३९.४१ तुम्ही पोहलात ना? पाण्याला ठाऊक आहे. मग यादी कशाला? २००९ मध्ये ते वेग वाढवणारे पॉलियुरेथेनचे सूट घालून रोममध्ये एकाच जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. १ जानेवारी २०१० पासून सूट बंद, विक्रम मात्र तसेच वहीत. पॉल बीडरमानचा ४०० फ्रीस्टाइलचा त्यातलाच, तो मोडायला २०२५ उजाडलं. इतक्या काटेकोर याद्या ठेवणाऱ्यांनी तो सूट कसा गिळला? तिथे मिलिमीटर कुठे गेले होते?


जुनी_वही

नुसताच_पोहणारा, सुटांचा मुद्दा मान्य. पण तेव्हा ते सूट नियमात होते, मागाहून नियम बदलून जुने विक्रम खोडले असते तर तो निराळाच अन्याय झाला असता. असो, तो धागा वेगळा काढा, मी येते भांडायला.

पाठीवरची, मी चौदा वर्षं आमच्या क्लबच्या नोंदी ठेवते आहे. तुमच्यासारखीच वही, फक्त दुसऱ्यांची. तुमच्या २९ डिसेंबरवरून एक आठवलं. कॅनडाचे जेरिंग टिमरमन यांचा जन्म फेब्रुवारी १९०९ चा. जानेवारी २०१४ मध्ये विनिपेगला ते ५० फ्री आणि ५० बॅक पोहले आणि १०५–१०९ गटातले विक्रम त्यांच्या नावावर लागले. तेव्हा त्यांचं वय १०४! ३१ डिसेंबरचा नियम. त्या वयात माणसाला महिनाभर थांबायला सांगणं कुणाच्या जिवावर आलं असतं? हा नियम मूळ कुणासाठी केला ठाऊक नाही, पण त्या दिवशी त्याचं सार्थक झालं असं मला वाटतं.

उलट बाजू तुमच्या मैत्रिणीला विचारा, जिचा वाढदिवस तुमच्यानंतर चार दिवसांनी, २ जानेवारीला असेल. ती तुमच्यापेक्षा चार दिवसांनी लहान आणि यंदा वर्षभर ४५–४९ मध्ये, त्या गटातली सगळ्यात म्हातारी. तुम्ही ५०–५४ मधली सगळ्यात तरुण. डिसेंबरच्या अखेरीस जन्मलेल्यांनी कुरकुर करायची नसते.

आता पेटक्याबद्दल. पांढरा_टीशर्ट यांनी उभं राहायचं सांगितलं ते बरोबर, पण तुमचं टोपणनाव पाठीवरची आहे आणि तुम्हाला हे सुचलं नाही? फ्रीस्टाइल म्हणजे हवी ती पद्धत. पोटरी गेली तर पाठीवर व्हायचं आणि नुसत्या हातांनी ओढत न्यायचं. जपानच्या मिएको नागाओका यांनी एप्रिल २०१५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, २५ मीटरच्या तलावात १५०० फ्रीस्टाइल पूर्ण केली. शंभरी गाठलेल्या व्यक्तीने ते अंतर स्पर्धेत पार करण्याची ती पहिली वेळ. १ तास १५ मिनिटं ५४.३९ सेकंद, आणि सगळं अंतर बॅकस्ट्रोकने. माझ्या भिंतीवर ही वेळ लिहून ठेवली आहे. कुणी 'आता झेपत नाही' म्हणालं की बोट दाखवते.

पण पाठीवर पोहलं म्हणून ते बॅकस्ट्रोक होत नाही, ती वेळ फ्रीस्टाइलचीच. आणि बॅकस्ट्रोकच्या स्प्लिटला एक खाच आहे, ती बहुतेकांना माहीत नसते. २०० बॅक पोहताना तुम्हाला १०० चा स्प्लिट हवा असेल तर त्या चौथ्या भिंतीला पाठीवर राहूनच टच करा. वळणासाठी आपण पोटावर होतो ना, ते केलंत तर वळण नियमात, पण १०० ची शर्यत संपली नाही, कारण बॅकस्ट्रोकचा शेवट पाठीवरच. दोन सेकंद जातात, सोसायची. आणि हे रेफ्रीला आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या भिंतीवर कुणीतरी मुद्दाम बघेल.

रविवारच्या १०० बॅकसाठी आयोजकांना एका ओळीचा मेल करा, 'रविवार सकाळच्या सत्रानंतर लेनच्या मोजणीची नोंद आहे का?' 'माझी वेळ का नाही' असं विचारू नका, त्याला 'नियमानुसार' हेच उत्तर येतं. नोंद विचारली की कुणाला तरी फाइल उघडावी लागते.


पाठीवरची

मेल केला. दोन तासांत उत्तर आलं, या वेळी सह्यांचे कागद जोडून. शनिवारी दोन्ही सत्रांनंतर मोजणी आहे, आठही लेन, सही आहे. रविवारी सकाळी सुरू होण्याआधीची आहे. नंतरची नाही. 'समारोपाच्या घाईत राहून गेली, क्षमस्व.' म्हणजे फक्त माझी नाही, रविवारची सगळ्यांचीच गेली. तरी बटरफ्लाय का आली आणि बॅक का नाही याचं कोडं सुटलं. काका, पैज लावायला हवी होती.

म्हणजे माझे ते ८०० सुद्धा, समजा मी पाठीवर होऊन, रडतखडत ती १५०० संपवली असती, तरी गेलेच असते?


लेझरकाका

गेलेच असते. त्यामुळे त्या हात देणाऱ्या बाईंना मनातल्या मनात माफ करून टाका.


तिसरी_लेन

बल्कहेड अजून तिथेच असेल तर आता मोजून चालणार नाही का?


लेझरकाका

नियम सत्राच्या शेवटी म्हणतो. मधे चार दिवस, किती सराव, कोण जाणे किती वेळा सरकवला. मी तरी सही केली नसती.


पांढरा_टीशर्ट

आयोजकांच्या बाजूने एक. शेवटची रिले संपते, बक्षिसं सुरू होतात, पोहणारे कूल-डाऊनला पाण्यात उड्या टाकतात, टाइमकीपर घरी पळतात. त्या गर्दीत मोजायला पाणी मोकळं करून मागणारा माणूस सगळ्यांना खलनायक वाटतो. आमच्याकडे मी आता शेवटच्या हीटची शिट्टी देण्याआधीच घोषणा करवतो की मोजणी होईपर्यंत कुणी उतरायचं नाही. शिव्या बसतात.


नुसताच_पोहणारा

मी पाण्याला ठाऊक आहे म्हणालो ते मागे घेत नाही. पण ताईंचे ते अनोळखी सोबती, ज्यांची रविवारची वेळ गेली आणि त्यांना अजून कारणही माहीत नाही, त्यांचं वाईट वाटलं.


जुनी_वही

म्हणूनच पुढच्या स्पर्धेच्या आधी विचारायचं असतं, नंतर नाही. मी एन्ट्री भरताना तीन गोष्टी विचारते. स्पर्धेला मास्टर्सची मान्यता आहे का, कारण जागतिक मास्टर्स विक्रम मास्टर्स म्हणून मान्य केलेल्या स्पर्धेतच होतो. भिंत पक्की की सरकती. आणि वेळ कशाने घेणार. हाताच्या घड्याळांवर असेल तर तीन घड्याळं आहेत का तेही विचारा: तिन्हींपैकी दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली. दोनच असतील तर सरासरी. हाताची वेळ बहुधा कमीच भरते. सुटताना टाइमकीपर सिग्नलनंतर बटण दाबतो आणि शेवटी मात्र तुम्ही येताना दिसत असता, त्यामुळे बोट आधीच तयार असतं. आमच्या जुन्या वहीत अशा काही वेळा आहेत की त्या माणसाला आजवर पुन्हा तिथे जाता आलं नाही. मी त्यांच्यापुढे छोटा 'ह' लिहिते. खोडत नाही.

आणि मोजलेली वेळ मागाहून गणिताने बदलू देऊ नका. २५ ची ५० मध्ये, यार्डाची मीटरमध्ये, अशी रूपांतरं एन्ट्रीच्या वेळेसाठी ठीक, क्रमवारीला नाही. २५ आणि ५० च्या याद्या वेगळ्याच आहेत. वळणांची संख्या बदलली की शर्यत बदलली.


पाठीवरची

'ह' ची कल्पना उचलते. माझ्या वहीत ३९.४१ पुढे 'मि' लिहिलं, १:२५.३० पुढे 'मो. नाही', आणि १४:४८ पुढे काय लिहावं कळेना म्हणून 'पोटरी' लिहिलं.

पुढची स्पर्धा सहा आठवड्यांनी आहे. ५० बॅक एकटीची भरली. २०० बॅकही भरली. पांढरा_टीशर्ट, १०० चा स्प्लिट मागायचा तर चिठ्ठी हीट सुरू होण्याआधी रेफ्रीच्या हातात द्यायची, की टेबलावर दिली तरी चालते?


पांढरा_टीशर्ट

रेफ्रीच्या हातात. लेन, हीट, अंतर लिहून. टेबलावरची चिठ्ठी टेबलावरच राहते.


पाठीवरची

आणि काका, तिथेही बल्कहेडच आहे म्हणे. आयोजक मोजणारा माणूस शोधताहेत, मी तुमचं टोपणनाव सांगून ठेवलंय. येताय का?


लेझरकाका

येतो. पण आधीच सांगतो, तुमची लेन २४.९९९ निघाली तर मी तेच लिहीन.


पाठीवरची

लिहा. तोवर मी पाण्याबाहेर असेन, बोलू शकेन.